किल्ला वरच्या बाजूला

धुमाळताईंना खुर्चीत बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि घोटाळा झाला तो नेमका त्याच दिवशी.

आमच्या नकाशा शाखेत त्यांच्या नावाची खुर्ची होती. चांगली हातांची, गादीवाली. पण तिच्यावर कायम नकाशांच्या गुंडाळ्या, एक छत्री आणि जेवणाचा डबा. बाई स्वतः उभ्या. फायली उभ्याने वाचायच्या, चहा उभ्याने प्यायच्या, फोन आला की बोलत बोलत दारापर्यंत आणि दारापासून परत खिडकीपर्यंत. मी आवक-जावकचा कारकून, माझं टेबल नेमकं त्या वाटेत. दिवसभर पदराचा वारा लागायचा आणि माझे सुटे कागद उडायचे.

"अहो, बसा की दोन मिनिटं! माझं डोकं गरगरतं तुमच्याकडे बघून," मी वैतागून म्हणायचो.

"मग बघू नका," त्या म्हणायच्या, आणि फेरी चालूच.

बुटकी, सावळी मूर्ती. अंबाड्यात शिसपेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल दिवसातून चारदा हरवायची, आणि "तुमच्या डोक्यावर आहे" हे सांगायचं काम माझं. साडी नेसायच्या पण पायात पुरुषी सँडल, जाड तळव्याचे. घराणं मूळचं दख्खनचं, फौजेबरोबर इकडे आलेलं. आमचं दरबारात पंचांग सांगायला आलेलं. त्यावरून त्या मला चिडवायच्या. "तुमचे पणजोबा पाटावर बसून होते, वैद्य, आणि आमचे चालत होते. म्हणून तुम्हाला पोट आहे." पुण्याहून माझी मावशी आली की आमचं ग्वाल्हेरचं मराठी ऐकून तोंडाला पदर लावते, निम्मं हिंदीच म्हणते ते. धुमाळताईंचं तर विचारूच नका. रागावल्या की मराठीत सुरू व्हायच्या आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोचलेल्या असायच्या.

डावं-उजवं त्यांना मान्यच नव्हतं. माणूस फिरला की डावं फिरतं, त्याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. शिपाई रामसेवकला सांगायच्या, "चाय टेबल के पूरब में रखो, पश्चिम में कागज़ हैं." तो बिचारा पहिले सहा महिने कप हातात धरून उभाच राहायचा. पुढे त्याची बायको एकदा ऑफिसात आली ती तक्रार घेऊनच. म्हणे, हे घरात मिठाची बरणी उत्तरेला आहे म्हणून सांगतात, मी कुठे शोधू? धुमाळताई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. टेकल्या, पण बसल्या नाहीत.

नवा नकाशा कोणी कितीही कौतुकाने समोर पसरला, तरी त्यांचा प्रश्न एकच. "कागद ठीक आहे. पायांनी पाहिलंत का?"

मग वरून तो हुकूम आला. शहरातल्या प्रत्येक खात्याने आपापले नकाशे एका सरकारी पोर्टलवर ठेवायचे. पाण्याच्या नळांचे, विजेच्या केबलींचे, गटारांचे, सगळे. नुसतं चित्र नाही चालणार. जागा अक्षांश-रेखांशासह, कुणी मोजलं, कधी मोजलं, कितपत बिनचूक आहे, हे सगळं लिहून आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनिशी. हेतू सरळ होता. रस्ता खणणाऱ्याला खाली काय आहे ते आधी कळावं. दाल बाजारात एकच रस्ता एका हिवाळ्यात तीन खात्यांनी तीनदा खणला होता. दुसऱ्याने पहिल्याचा नळ फोडला आणि तिसऱ्याने दुसऱ्याची केबल. डाळीची पोती भिजली, व्यापारी बोंबलत आमच्याकडे आले, आणि आम्ही म्हटलं, आमचा काय संबंध?

हा हुकूम जणू बाईंसाठीच निघाला होता. आमच्या शाखेला सगळ्या खात्यांचे नकाशे गोळा करायचं काम मिळालं आणि त्यांच्या पायांना आणखी वाटा मिळाल्या. पण सरकारी खात्याकडून नकाशा मागणं म्हणजे काय ते मागितल्याशिवाय कळत नाही! कुणाची चावी रजेवर, कुणाचा नकाशा वाळवीने खाल्लेला, कुणी कोऱ्या पानावर शिक्का मारून 'सादर' लिहून मोकळा. मी ती सगळी टपालं चढवून घेत होतो. चीड यायची. त्याहून जास्त चीड याची यायची, की पोर्टलवर त्या कोऱ्या पानालासुद्धा हिरवी खूण मिळायची.

विजेच्या खात्यात एक बाबू होते. त्यांच्या कपाटात हजीरा मोहल्ल्यातल्या केबलींचा नकाशा आहे अशी बाईंना पक्की खबर. मी सोबत गेलो होतो, म्हणून कानांनी ऐकलेलं सांगतो.

"नक्शा है मैडम, पर दे नहीं सकते. गोपनीय है."

"किससे गोपनीय?"

"सबसे."

"आपने देखा है?"

"नहीं, हमने भी नहीं देखा."

बाई त्यांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. बाबूंनी खुर्ची पुढे केली, बाई म्हणाल्या, मी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी परत जाऊन उभ्या. तिसऱ्या दिवशी त्या माणसाला म्हणे जेवण जाईना, कुणीतरी सतत समोर उभं आहे म्हटल्यावर कसं जाणार? त्याने कपाट उघडलं. फॉर्म भरून दिला. मापन कधी झालं, या रकान्यात 'पहले से'. कुणी केलं, तर 'विभाग ने'. किती बिनचूक, तर 'उत्तम'. आणि सोबत नकाशा. तो उलगडला तर काय, आमच्याच शाखेच्या जुन्या शीटची झेरॉक्स! कोपऱ्यात आमचाच शिक्का. तीन दिवस उभं राहून बाईंनी आमचाच कागद परत आणला होता. मी हसत सुटलो. त्या नाही हसल्या. "मतलब हजीऱ्याचा नकाशा सगळ्या शहरात एकच आहे, वैद्य," त्या म्हणाल्या. "आपलाच. तो चुकला तर सगळेच चुकले."

तेव्हा हे मला जरा जास्तच वाटलं होतं.

आमची जुनी शीटं कॉम्प्युटरवर चढवायचं काम एका बाहेरच्या एजन्सीला दिलं होतं. शीट चढलं की त्याचा छापील कागद घेऊन बाई रस्त्यावर. गोरखीच्या भोवतालच्या गल्ल्या झाल्या, दाल बाजार झाला, लष्कर भागातलं एकेक शीट पायांनी तपासून झालं. सगळी बरोबर निघाली. हजीऱ्याची तेवढी राहिली आणि शेवटची तारीख उजाडली. चार वाजता वरच्या साहेबांची व्हिडिओवर बैठक होती, आणि आमचे भदौरिया साहेब बाईंच्या टेबलाशी येऊन हात जोडून उभे.

"मैडम, लश्कर की सब सही निकलीं. हजीरा की भी सही होंगी. बस दस्तखत कर दीजिए, हम पूरे संभाग में पहले नंबर पर हैं."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या गुंडाळ्या उचलून खाली ठेवल्या, डबा खिडकीत ठेवला, आणि बसल्या. रामसेवक दारात थबकलाच. एकामागून एक सह्या केल्या त्यांनी, मान वर न करता, आणि शेवटची झाल्यावर ताडकन उठल्या. पोर्टलवर आमच्या ऑफिससमोर शंभर टक्के उमटलं, हिरवंगार. पेढे आले. बाईंचा पेढा टेबलाच्या पूर्वेला तसाच राहिला, संध्याकाळी रामसेवकने खाल्ला.

त्यानंतर त्या फेऱ्या जरा जास्तच मारायला लागल्या. "हजीरा पायांनी राहिला, वैद्य," मधूनच म्हणायच्या. मी म्हणायचो, अहो, झालं ना ते, हिरवं झालं! रोज नवं काहीतरी निघायचं आणि हजीरा राहून जायचा. असं करता करता त्यांच्या निवृत्तीचा महिना आला.

त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पाणी खात्याचं एक पत्र आलं. मीच आवकला चढवलं. हजीऱ्यात बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत, एका टोकाला, नवीन जलवाहिनीसाठी सोमवारी सकाळपासून ठेकेदाराचं मशीनने खोदकाम. पोर्टलवरच्या नकाशानुसार गल्लीच्या त्या टोकाला जमिनीखाली काही नाही, विजेची मोठी केबल दुसऱ्या टोकाला आहे, सबब हरकत नाही. बाईंनी पत्र वाचलं, पेन्सिल शोधली, मी सांगितलं डोक्यावर आहे.

"वैद्य, स्कूटर काढा," त्या म्हणाल्या.

हजीऱ्याची ती गल्ली तुम्ही पाहिली नसेल. सरळ रेघेसारखी, दोन्ही बाजूंना सारखीच घरं, दोन्ही टोकांना सारखेच चौक. बाई छापील नकाशा धरून चालायला लागल्या, पावलं मोजत. नकाशात पंपघर गल्लीच्या या टोकाला होतं. इथे टायरचं दुकान. विहीर जिथे हवी तिथे सलून. त्या थांबल्या. परत फिरल्या, परत मोजलं. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर बघायला आला. मग बाई गल्लीच्या मध्यावर उभ्या राहिल्या, समोर घरांवरून किल्ला दिसत होता, आणि त्यांनी हातातला कागद सावकाश उलटा फिरवला. उत्तरेकडे धरलेली वरची बाजू आता किल्ल्याकडे.

सगळं बसलं. पंपघर पंपघरावर, विहीर विहिरीवर. आणि केबल नेमकी त्या टोकाला, जिथे सोमवारी मशीन लागणार होतं.

"बाबांनी सांगितलं होतं हो मला," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज असा मी ऐकला नव्हता. त्यांचे वडील आमच्याच शाखेत ड्राफ्ट्समन होते. त्या पिढीची एक रीत होती. शीट कुठलंही असो, किल्ला कागदाच्या वरच्या बाजूला. खाली काढला तर किल्ल्याकडे पाय केल्यासारखं वाटायचं त्यांना. लष्कर किल्ल्याच्या दक्षिणेला, म्हणून तिथे किल्ला वर म्हणजे उत्तर वर, सगळं आपोआप बरोबर. पण हजीरा किल्ल्याच्या उत्तरेला! तिथे किल्ला वर म्हणजे दक्षिण वर. एजन्सीच्या लोकांना हे कोण सांगणार? त्यांनी वर म्हणजे उत्तर धरली, चार कोपरे बसवले, आणि अख्खा मोहल्ला उलटा करून सरकारी पोर्टलवर ठेवला. खाली सही शैला धुमाळ.

"केबल बंदच असेल आता. गिरणी बंद आहे ना," मी म्हटलं.

"पंपघर तिच्यावरच चालतं. ऐका." आणि खरंच, पंपाची घरघर ऐकू येत होती.

तिथूनच त्यांनी विजेच्या खात्याला फोन लावला. सोमवारी तेवढा वेळ केबल बंद ठेवा. पलीकडचा माणूस म्हणाला, पोर्टल के हिसाब से वहाँ केबल है ही नहीं मैडम, तो बंद क्या करें? बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "उत्तम."

शनिवारी साहेबांकडे गेल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ते शीट पोर्टलवरून काढायचं आणि ठेकेदाराला आजच लेखी कळवायचं, एवढंच त्यांचं मागणं. साहेब वाईट माणूस नाहीत, हे मी आजही म्हणेन. ते तळमळून सांगत होते. "मैडम, गलत प्रमाण-पत्र आपके दस्तखत का है. जाँच आप पर बैठेगी. सोमवार को आपका आखिरी दिन है, इज़्ज़त से विदा हो जाइए. मंगलवार को मैं खुद करेक्शन डलवा दूँगा."

"आणि सोमवारी जो मशीनवर बसेल तो?" बाईंनी मराठीतच विचारलं. साहेबांना मराठी समजतं.

बाहेर येऊन बाईंनी उभ्याउभ्याच आपल्या लॉगिनने शीट मागे घेतलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माझी चूक. न तपासता सही केली.' शंभर टक्क्यांचं हिरवं गेलं आणि 'अपूर्ण' असं लाल आलं. पण ठेकेदाराकडे छापील नकाशा आधीच पोचला होता, पोर्टल लाल होऊन त्याला काय कळणार? त्याला पत्रच हवं, आणि पत्राला जावक नंबर हवा. नंबराशिवाय सरकारी पत्र म्हणजे नुसतं चिठोरं. बाईंनी पत्र लिहून माझ्यापुढे ठेवलं.

त्याच्या पाच मिनिटं आधी मला साहेबांचा फोन आला होता. आज कुछ डिस्पैच मत करना, वैद्य जी.

काय सांगू तुम्हाला! मुलीचं लग्न ठरत होतं, माझी बदलीची फाईल साहेबांच्या टेबलावर होती, ही सगळी कारणं आज मला तोंडपाठ आहेत. तेव्हा एकही आठवलं नाही. तोंडातून निघून गेलं, "ताई, रजिस्टर कपाटात आहे आणि कपाटाची चावी घरी राहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चावी माझ्या कमरेला होती, जानव्याला बांधावी तशी मी ती करगोट्याला बांधून असतो हे अख्ख्या ऑफिसला माहीत आहे. "बरं," त्या म्हणाल्या. पत्राची घडी घातली, पिशवीत टाकली आणि गेल्या.

रविवारभर मला चैन पडलं नाही. खिडकीपासून दारापर्यंत मीच फेऱ्या मारत होतो. बायको म्हणाली, बसा की हो, डोकं गरगरतं.

सोमवारी ऑफिसात शाल आणि नारळ आणून ठेवले होते, रामसेवकने फळ्यावर खडूने 'विदाई समारोह' लिहिलं होतं. बाईंचा पत्ता नव्हता. साडेदहाला साहेबांनी मला बोलावलं आणि लिफाफा दिला. वरून विचारणा झाली होती, पहिल्या नंबरचं ऑफिस एका रात्रीत लाल कसं झालं? बाईंना कारणे दाखवा नोटीस. आजच्या आज, निवृत्त व्हायच्या आत हातात पडली पाहिजे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी जाऊन कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, नंबर टाकला आणि निघालो. कुठे जायचं ते मला कुणी सांगायला नको होतं.

लांबूनच मशीन उभं दिसलं. मशीन थांबलेलं होतं, आणि त्याच्या पुढ्यात, नेमकं पात्यासमोर, धुमाळताई. मशीनपासून पार पंपघरापर्यंत चुन्याची पांढरी फक्की मारलेली, शाळेच्या मैदानावर मारतात तशी. कोपरापर्यंत हात चुन्याने पांढरे, साडीची किनार पांढरी. सकाळी सहापासून उभ्या आहेत, न्हाव्याने मला सांगितलं. मुकादमाने पत्र वाचलं, म्हणाला यावर नंबर नाही, मी नाही मानत. बाई म्हणाल्या, नका मानू, मी इथून हलत नाही. शेवटी वैतागून त्याने दोन मजूर लावले आणि फक्कीच्या कडेने कुदळीने हळूहळू खणायला सांगितलं.

मी पोचलो तेव्हा खड्डा कमरेएवढा झाला होता. एक मजूर ओरडला. खाली विटांची ओळ लागली होती, केबलवर झाकतात तशी. एक वीट उचलली तर खाली काळी, मनगटाएवढी जाड केबल. तिकडे पंप घरघरतच होता. मशीनवरचा माणूस उतरला, वाकून बघितलं, आणि तिथेच रस्त्यावर बसला. तिशीचा असेल. मुकादम म्हणाला, "मैडम, यहीं तो पंजा मारना था." बाई खड्ड्यापासून फक्कीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजत होत्या. मला मात्र रडू आलं, लपवत नाही.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. लिफाफ्याकडे गेलं. हात पदराला पुसून त्यांनी तो घेतला, स्कूटरच्या सीटवर ठेवून उघडला, नोटीस उभ्यानेच वाचली. सोबत पुरावा म्हणून त्या शीटची प्रत जोडली होती, पोर्टलवर होती तश्शीच, उत्तर वर धरलेली. बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, आज पहिल्यांदा मला न विचारता, आणि त्या प्रतीवर खालच्या दिशेने एक बाण काढून त्याच्या टोकाशी 'उत्तर' लिहिलं. पोचेवर सही करून वेळ टाकली आणि पोचेची प्रत माझ्या हातात दिली. कागदावर चुन्याची बोटं उमटली होती.

"याला जावक नंबर पडला?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"चावी सापडली म्हणजे," त्या म्हणाल्या.

रागाने नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर हिंदीत गेल्या असत्या. चुन्याचं घमेलं उचललं आणि उरलेल्या गल्लीकडे वळल्या, पावलं मोजत, किल्ल्याच्या दिशेने. मी स्कूटरपाशी उभा होतो, हातात पोच धरून. बसायची हिंमत होईना.